दादाच्या नावावरचं काळीज

पावणेअकराला हर्षदाच्या पडद्यावर लाल पट्टी उमटली आणि हातातला चहा हातातच निवला.

कराडच्या मेदवाचन केंद्रात तिची चार वर्षं झाली होती. लाल पट्टी तिला नवी नव्हती. महिन्याकाठी दोन-तीन यायच्याच. पट्टी आली की फोन करायचा, आवाज शांत ठेवून ‘घाबरू नका’ म्हणायचं, आणि फोन ठेवल्यावर आपण घाबरायचं, असा तिचा परिपाठ होता. पण आजच्या पट्टीवर नाव होतं दिग्विजय पिसाळ, वय चौपन्न, घाटचालक. तिचा थोरला भाऊ. नावाखाली ठरावीक मजकूर: डावी मुख्य धमनी. सहा आठवड्यांत झटका येण्याची दाट शक्यता. अठ्ठेचाळीस तासांत दाखल करावे.

दुसरी कुणी बहीण असती तर भावाच्या काळजीनं तिच्या पायाखालची जमीन सरकली असती. हर्षदाची सरकली ती नवऱ्यासाठी. कारण दिग्विजय पिसाळ त्या यंत्रासमोर कधी उभाच राहिला नव्हता. त्याच्या नावावर उभा राहिला होता निरंजन, तिचा नवरा, एक्कावन्न किलो वजनाचा काटकुळा माणूस.

हे सगळं समजायला यंत्राची थोडी ओळख हवी.

लठ्ठ माणसाचं हृदय धोक्यात आणि बारीक माणूस शंभरी गाठणार, ही आपल्याकडची जुनी समजूत. डॉक्टर कितीतरी वर्षं सांगत होते की चरबी हे नुसतं गाठोडं नाही. ती जिवंत असते, रक्तात नाना रसायनं सोडत असते. कातडीखालची, मांड्यांवरची चरबी त्यातल्या त्यात गरीब. पोटाच्या आत, आतड्यांना आणि यकृताला लपेटून बसलेली चरबी मात्र जहाल. ती शरीरात दाह पेटवते, आणि तो दाह रक्तवाहिन्यांच्या अस्तरापर्यंत पोचतो. आपल्या लोकांची गंमत अशी, की हातापायांच्या काड्या असतात आणि सदऱ्याखाली टीचभर पोट असतं. वजनकाटा त्या पोटाबद्दल काही बोलत नाही.

हृदयाच्या धमन्यांभोवतीसुद्धा चरबीचा थर असतो. धमनीचं अस्तर सुजलं की ते या शेजारणीला रासायनिक निरोप धाडतं, आणि मग तिच्या पेशी नीट भरत नाहीत, लहान आणि पाणीदार राहतात. घरातलं भांडण रस्त्यावर यायच्या आधी भिंतीपलीकडच्या शेजारणीला कळतं, तसाच हा प्रकार. मेदवाचक छातीत प्रकाशाचे बारीक ठोके सोडायचा. पाणी आणि चरबी ते वेगवेगळ्या सुरांत परत करायची, आणि त्या सुरांवरून कुठली भिंत कधी फुटणार ते यंत्र सांगायचं. धमनी वरून मोकळी दिसत असली तरी सांगायचं. शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा त्याचं म्हणणं खरं ठरायचं.

शिवाय धमन्यांची वळणं प्रत्येकाची वेगळी, बोटांच्या ठशासारखी. पहिल्या वाचनाला जे नाव लागलं ते कायमचं. पुढे कुठल्याही दवाखान्यात छाती टेकवली की यंत्र तुमचं नाव सांगणार. त्यामुळे दवाखान्यांत माणसाच्या तोंडाकडे बघायची पद्धतच हळूहळू बंद पडली होती.

सरळ रस्त्यावरच्या बस आता आपोआप चालायच्या. घाटात मात्र अजून माणूस लागायचा, आणि यंदाच्या दसऱ्यापासून घाटचालकांना वाचन सक्तीचं झालं होतं.

भाऊबीजेला हर्षदानं दादाला ओवाळलं. तबकात साडी पडली, तोंड गोड झालं, तरी दादा पाटावरून उठायचं नाव घेईना. एकशे चार किलोचा देह, पण बसला होता पोर रुसून बसतं तसा. वहिनी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होती. तिकडे एकदा बघून तो हळूच म्हणाला, “हर्षे, या वर्षी ओवाळणी मलाच पाहिजे.”

“काय पाहिजे?”

“आगारातली दोघं लाल निघाली. बावीस वर्षं घाट चालवलेला माणूस आता स्टँडवर धूळ झाडतोय. आगं, मला कुंभार्ली घाटाशिवाय दुसरं काय येतं? माझं हे पोट बघून यंत्र मला सोडंल व्हय?”

हर्षदा काही बोलायच्या आत निरंजननं चकली मोडता मोडता उत्तर दिलं. निरंजनचं चष्म्याचं दुकान होतं, आणि कुणी अडचण सांगितली की आधी होकार द्यायचा नि मग विचार करायचा असा त्याचा स्वभाव. “त्यात काय एवढं? तुमच्या नावावर मी उभा राहतो. काडीपैलवान कधीतरी कामाला येऊ दे की!”

तिघं हसली. भावाला उदंड आयुष्य मिळू दे म्हणून नुकतंच निरांजन ओवाळलेलं; त्याच हातानं नाही कसं म्हणायचं? आणि नवऱ्याबद्दल तिला शंकाच नव्हती. साखर नाही, रक्तदाब नाही, रोज संध्याकाळी नदीकाठच्या प्रीतिसंगमापर्यंत पायी जाणं-येणं. केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला ती चित्रं दाखवून पोटातल्या चरबीचं शिकवायची. घरी मात्र दिव्याखाली अंधार. पुढच्या आठवड्यात एका जेवणाच्या सुट्टीत तिनं जमिनीतला वजनकाटा बंद केला, आगाराच्या कागदावरून एकशे चार किलो भरलं, आणि निरंजनला उभं केलं. केंद्रातला निकाल दवाखान्यासारखा लगेच नव्हे, आठवड्यानं तपासून यायचा; तो आज आला होता.

आता तिनं दार लावून दादाला फोन लावला.

“दादा, तुझं लाल आलंय.”

“माझं? माझं कसं येईल? मी तर तिथं…” तो थांबला. “म्हणजे दाजींचं?”

“हो.”

“यंत्र बिघडलं असंल. दाजींना काय धाड भरलीय? वाळकी शेवग्याची शेंग नुसती!”

“यंत्र बिघडलेलं नाही, दादा.”

मग अगदी खालच्या आवाजात त्यानं विचारलं, “कुणाला बोललीस का?”

लहानपणापासून या आवाजावर तिनं डोळे मिटून विश्वास टाकला होता. आज पहिल्यांदा तिला त्या आवाजाची भीती वाटली.

निरंजन दुकानात एका चष्म्याचा स्क्रू पिळत बसला होता. तिनं सांगितलं तेव्हा तो आधी हसला. मग हसणं तोंडावर तसंच राहिलं आणि हात नकळत डाव्या खांद्याकडे गेला.

“दुखतं का?”

“दुखत नाही गं. पंधरा दिवस झाले, नदीकाठच्या पायऱ्या चढताना जरा जळजळतं. गॅस असेल म्हटलं.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“तू रोज लोकांना घाबरवतेस. घरी तरी कशाला ते?”

तिला रडू फुटलं. आत्ताच्या आत्ता जाऊन सगळं खरं सांगू, असं ती म्हणाली. निरंजननं चष्मा खाली ठेवला.

“सांगून काय होईल? दादांची नोकरी जाईल. तुझीही जाईल, वर खोट्या नोंदीचा खटला. आणि शब्द मी दिला होता, तू नव्हे.”

“मग जीव द्यायचा का शब्दापायी?”

“जीव कशाला? दाखल होऊ की. पण माझ्या नावानं जाऊन उपयोग नाही. छाती टेकवली की यंत्र दिग्विजय पिसाळच म्हणणार. मग दिग्विजय म्हणूनच जातो. औषध छातीत गेल्याशी मतलब.”

हे ऐकून तिनं तिथंच ओरडायला हवं होतं. पण भीती वाटली की माणूस खरं बोलत नाही, सोपं शोधतो. दादाला आगारातून घरी बसायचा हुकूम आला होता. ‘चार दिवस सुट्टी आहे’ असं वहिनीला सांगून तो झोपाळ्यावर बसून राहिला. एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती नवऱ्याला घेऊन हृदयरुग्णालयात गेली. दारातल्या यंत्रावर निरंजननं छाती टेकवली. यंत्र गोड आवाजात म्हणालं, “ओळख पटली. दिग्विजय पिसाळ.” परिचारिकेनं मान वर न करता मनगटाला पट्टी बांधली. नातेवाईक म्हणून हर्षदानं आपलं नाव दिलं, नातं लिहिलं: बहीण. नवऱ्याशेजारी बसून बहीण लिहिताना तिनं कागद त्याच्यापासून जरा वळवून धरला.

तासाभरात औषधाची पिशवी आली. दाह शमवणारं, धमनीची भिंत थोपवून धरणारं आणि रक्त पातळ ठेवणारं हे औषध प्रत्येकासाठी वेगळं मिसळलं जायचं, नोंदीतलं वय आणि वजन बघून. पलंगालाही वजनकाटा होता, पण नोंदीत वजन असताना तो कोण बघतो? परिचारिका नळी जोडायला लागली आणि हर्षदाची नजर पिशवीवरच्या चिठ्ठीवर गेली.

एकशे चार किलो.

दुप्पट औषध! एवढ्या पातळ झालेल्या रक्तानं मेंदूत कुठंही रक्तस्राव झाला असता. ओरडायला तिनं तोंड उघडलं, आणि डोळ्यांसमोर दादा आला, स्टँडवर झाडू घेऊन उभा असलेला. एक क्षण ती गप्प राहिली. एकच क्षण, पण तो तिला पुढे जन्मभर पुरला.

“थांबा!” तिचा आवाज सबंध दालनात घुमला. “नळी काढा! हे दिग्विजय नाहीत. हे माझे मिस्टर आहेत!”

डॉक्टर मुजावरबाई धावत आल्या. त्या दवाखान्यात निरंजनच्या तोंडाकडे नीट बघणारं ते पहिलं माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, आणि त्याचीच हर्षदाला जास्त भीती वाटली.

“तुमचं काय करायचं ते कायदा बघेल,” त्या म्हणाल्या. “माझी अडचण वेगळी आहे. ओळखीवर वाद आला की नोंद गोठते. यांच्या नावानं नवी नोंद उघडायला गेले तर यंत्र म्हणणार, या धमन्या पिसाळांच्या आहेत. पुण्याच्या नोंदकचेरीतून दोन्ही नावं सुटी करून घ्यायला संध्याकाळ होईल. तोवर औषधांचं कपाट यांच्यासाठी उघडणार नाही; ती पिशवीही नियमानं आत परत गेली. माझ्या हातात साध्या गोळ्या आहेत, त्या देते.”

“आणि तोवर काही झालं तर?”

डॉक्टरबाई गोळ्या आणायला वळल्या.

साडेअकराला जिन्यात पावलं वाजली. पुढे वहिनी, मागे खाली मान घालून दादा. दवाखान्यानं नियमाप्रमाणे नोंदीतल्या पत्नीला फोन केला होता. तुमचे पती दाखल झाले आहेत, असं पलीकडून सांगत होते आणि पती समोर झोपाळ्यावर शेंगा सोलत बसले होते. वहिनी, रोहिणी तिचं नाव, शिस्तीची बाई. आयुष्यात उसनी वाटीसुद्धा भरूनच परत करणारी. वाटेत तिनं नवऱ्याकडून सगळं वदवून घेतलं होतं. ती हर्षदाशी एक शब्द बोलली नाही. बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

डॉक्टरबाईंनी दादाला आत बोलावलं. “नोंद होणार नाही, पण तुमची छाती मला बघायचीय. टेका.”

दादा यंत्राला टेकला. नव्वद सेकंदांनी पडदा हिरवा झाला, अगदी कोवळा हिरवा.

“तुमची चरबी बहुतेक कातडीखाली आहे, आणि धमन्या सध्या शांत आहेत,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “हे तुमचं नशीब. त्याच्यावर फार दिवस विसंबू नका, वजन उतरवा. पण त्या दिवशी तुम्ही स्वतः उभे राहिला असतात, तर पास झाला असतात.”

दादानं त्या हिरव्या पडद्याकडे बघितलं. तो हसला की काय असं हर्षदाला वाटलं, पण त्याचे खांदे गदगदत होते. नोकरी जाईल म्हणून तो ज्या यंत्राला भ्याला, त्यानं ती घेतली नसती. ती आता घालवली होती त्याच्या भीतीनं, आणि तिच्याबरोबर दाजींनाही पणाला लावलं होतं. अर्थात तो भ्याला नसता तर निरंजनच्या छातीत काय शिजतंय ते कुणाला कळलंच नसतं, हेही खरं. या दोन्ही गोष्टी एकदम मनात धरायच्या कशा ते हर्षदाला समजेना. ती काचेतून नवऱ्याकडे बघत राहिली.

सव्वादोनला निरंजननं तिला खूण करून आत बोलावलं. “जरा पाणी दे गं,” तो म्हणाला, आणि पेला हातात घेईपर्यंत त्याचा चेहरा राखेसारखा झाला. कपाळावर घाम डवरला. पेला खाली पडला. यंत्रं एकदम कलकलायला लागली आणि कुणीतरी हर्षदाला बाहेर ढकललं.

डॉक्टरबाई दारात आल्या त्या थेट बाकाच्या त्या टोकाकडे वळल्या. “पिसाळबाई, झटका आलाय. कपाट बंद आहे. धमनीत घालायची तार आतच आहे, औषधही आतच. गोठलेली नोंद जागच्या जागी उघडायचा एकच रस्ता आहे. नोंदीतल्या पत्नीनं समोर येऊन अंगठा द्यायचा. डोस मी माझ्या हातानं देईन, एक्कावन्न किलोचाच. मला फक्त कपाट उघडून द्या.”

त्यांनी पाटी पुढे धरली. त्यावर एकच वाक्य होतं: आतील रुग्ण दिग्विजय पिसाळ हे माझे पती आहेत, असे मी शपथेवर सांगते.

वहिनीनं ते वाचलं, पुन्हा वाचलं. “हे खोटं आहे.”

“हो.”

“म्हणजे मीसुद्धा गुन्हेगार.”

“हो. मी साक्षीला आहे, परिस्थिती सांगेन. पण हमी देत नाही.”

हर्षदा तिच्या पायांशी कोसळली. “वहिनी, माझी चूक आहे, मला काय हवी ती शिक्षा द्या. पण अंगठा द्या हो.”

वहिनी तिच्याकडे बघत नव्हती. ती बघत होती दादाकडे, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, निखळ भय होतं. “आणि आतलं माणूस गेलं तर?” ती पुटपुटली. “तर कागदावर माझा नवरा गेला. मी माझ्या अंगठ्यानं लिहून दिलेलं असणार. धडधाकट नवरा समोर उभा असताना मी आपल्या हातानं माझं कुंकू तिथं ठेवू?”

अशी शपथ कुणी बाई घेते का? असलं अभद्र नुसतं तोंडातून निघालं तरी जुनी माणसं कानांवर हात ठेवायची. हर्षदाला ते कळत होतं. स्वतःवर आली असती तर आपण काय केलं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. आत यंत्राचा आवाज बदलला, लांबट झाला.

दादा पुढे आला. “रोहिणी, मी सांगतो म्हणून दे.”

“तुम्ही गप्प बसा!” वहिनी कडाडली. “तुमच्या सांगण्यानंच हितवर आलोय.”

ती उठली. डावा हात तिनं दादाच्या छातीवर सपाट ठेवला, ठोका लागेपर्यंत दाबून धरला, आणि उजव्या हाताचा अंगठा पाटीवर टेकवला. आत कपाटाचं कुलूप खाडकन उघडल्याचा आवाज आला. डॉक्टरबाई पळाल्या.

मग दोन तास गेले. भिंतीवरच्या फलकावर एकच नाव झळकत होतं, दिग्विजय पिसाळ, आणि त्यापुढे एकच शब्द, अत्यवस्थ. दादा आपलंच नाव वाचत होता. वहिनीचा हात त्याच्या छातीवरून हलला नव्हता. मध्येच तिला ठोका सापडेनासा व्हायचा आणि ती दचकून बोटं सरकवायची. आपला नवरा आहे की गेला हे कुणीतरी बाहेर येऊन वहिनीला सांगणार, आपल्याला नाही, या विचारानं हर्षदाचे दात वाजत होते.

साडेचारला फलकावरचा शब्द पुसला गेला. क्षणभर नावापुढची जागा मोकळी राहिली. त्या क्षणात हर्षदानं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तिथं लिहिलं होतं, स्थिर.

दार उघडलं. डॉक्टरबाईंचा मास्क गळ्यात लोंबत होता. “भिंत फुटली होती. तार घातलीय, रक्त वाहतंय. आजची रात्र जाऊ दे, मग पुढचं बोलू. एकीला आत सोडते, दोन मिनिटं. पण दारावरचं यंत्र पत्नीलाच सोडेल.”

वहिनी उठली. तिनं दारावरच्या काचेला अंगठा लावला. दार सरकलं, पण आत ती गेली नाही. हर्षदाचा दंड धरून तिनं तिला उंबऱ्यावर उभं केलं. आल्यापासून ती पहिल्यांदाच नणंदेशी बोलत होती.

“जा. शुद्धीवर आले की सांग दाजींना, माझ्या कुंकवावर जगलाय म्हणून.”